दूध मानवते का?

मराठी घरात चार गोष्टींना नाही म्हणण्याची सोय नसते : तीर्थ, प्रसाद, वडीलधाऱ्यांनी पाहिलेले स्थळ आणि पेलाभर दूध. पहिल्या तिहींतून मी सुखरूप पार पडलो. चौथ्याशी मात्र माझे जन्मभर जमले नाही. मला दूध पचत नाही. हे वाक्य मी आजवर कित्येक यजमानिणींपुढे उच्चारले आहे आणि दर वेळी समोरच्या चेहऱ्यावर एकच भाव पाहिला आहे. ‘मला आईची माया सोसत नाही’ असे एखाद्याने सांगावे, तसा काहीसा.

त्यातून माझा जन्म आर्वीकडचा. वर्धा जिल्ह्यातला हा भाग म्हणजे गवळाऊ गाईंचे माहेर. आमच्या गोठ्यात अशा दोन पांढऱ्याशुभ्र गाई होत्या, आणि पितळेचा पेला रिकामा केल्याशिवाय कोणत्याही मुलाने दप्तर उचलायचे नाही, असा वडिलांचा दंडक होता. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत मीही तो पेला मिटक्या मारीत पीत असे, असे आई सांगे. पुढे काय बिनसले कोण जाणे! शाळेत पहिला तास संपतो न संपतो तोच पोटात गुडगुडू लागे, पोट नगाऱ्यासारखे फुगे, आणि मास्तरांची परवानगी मिळेपर्यंत थांबण्याइतका धीर त्या पोटाला नसे. घरातले निदान ठरलेले होते : शाळेची टाळाटाळ. कारण धाकटा भाऊ त्याच गाईचे दूध त्याच पेल्याने पिई, वर आणखी मागून घेई आणि संध्याकाळी तालमीत जाई. एका आईची दोन लेकरे. एकाला जे अमृत, ते दुसऱ्याला एरंडेल, ही गोष्ट कोणाच्या गळी उतरणार?

आपल्या भाषेत यासाठी एक फार समंजस शब्द आहे : मानवणे. अमक्याला वांगे मानवत नाही, तमक्याला कोकणची हवा मानवत नाही. त्यात वांग्याला दोष नाही आणि माणसालाही नाही. दोघांचे जमत नाही, इतकेच. दुधाच्या बाबतीत मात्र हा शब्द वापरण्याचे औदार्य आम्ही दाखवीत नाही. दूध न मानवणारा माणूस म्हणजे एक तर आजारी, नाही तर नाटकी.

१९७३ साली आमच्या भागातल्या कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी मी माजरीला काट्यावर कारकून म्हणून रुजू झालो. माजरी म्हणजे भद्रावतीजवळचे, नागपूरहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे जंक्शन. इथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणीकडे जातो. पांढरे धोतर वाळत घालण्याची ही जागा नव्हे, एवढे सांगितले म्हणजे गावाची पुरेशी ओळख होईल. वाघिणी भरण्यापूर्वी कोळशाचे मोठमोठाले गोटे क्रशरमध्ये फोडावे लागतात. गोटा अडकला की पट्टा बंद, पट्टा बंद की वाघिणी उभ्या, आणि वाघिणी उभ्या राहिल्या की रेल्वेचा दंड. हा देखावा मी तीस-बत्तीस वर्षे पाहिला. पोटात काय चालते हे जेव्हा मला कळले, तेव्हा मला दुसरी उपमा शोधावी लागली नाही.

भात, डाळ, तूप यांचे रेणू म्हणजे असेच गोटे. आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरायचे तर त्यांचे बारीक तुकडे व्हायला हवेत. दातांचे चावणे आणि जठराचे घुसळणे सोडले, तर हे तोडण्याचे सारे काम विकर करतात. एन्झाइम म्हणतात ते हेच. लाळेत पिष्ट तोडणारा एक विकर असतो. कोरडी भाकरी जरा जास्त वेळ चघळा, ती गोड लागू लागेल. ती गोडी त्याची. जठरात पेप्सिन प्रथिनांना हात घालतो, आणि त्याला काम करायला चांगले जळजळीत आम्ल लागते. पुढे स्वादुपिंडाचा रस येतो. त्यातल्या विकरांना आम्ल खपत नाही. अगदी शेवटचा हात फिरतो तो लहान आतड्याच्या अस्तरावर. मखमलीसारखी जी बारीक लव तिथे असते, तिच्या टोकांवर साखरा तोडणारे विकर बसलेले असतात.

ही विद्या माणसाला सुखासुखी मिळालेली नाही. जठर अन्न दळते की विरघळवते, यावर युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला होता. १७५२ साली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाळलेल्या घारीला धातूच्या नळीत मांस घालून गिळायला लावले. न पचणारी वस्तू ओकून टाकण्याची घारीला सवयच असते. नळी बाहेर आली तेव्हा तिला पोचासुद्धा पडला नव्हता आणि आतले मांस मात्र विरघळू लागले होते! दळणाचा पक्ष तिथेच हरला. पुढे १८३३ साली मोड आलेल्या सातूतून पिष्ट फोडणारा पदार्थ काढला गेला, १८३६ साली श्वान याने पेप्सिन शोधले, १८९७ साली बुखनर याने यीस्टच्या पेशी भरडून त्यांच्या नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली. मोडाचे मर्म आमच्या आज्यांना ठाऊक होतेच. लहान मुलाला नाचणीचे सत्त्व द्यायचे तर ती मोड आणूनच घ्यायची. मोडाने धान्यात तेच विकर जागे होतात आणि खीर पातळ व पचायला हलकी होते.

विकर हे बहुतेक प्रथिनेच असतात, पण मोठी मानी. एमिल फिशर याने १८९४ साली कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती अजून जुनी झालेली नाही. एक किल्ली एकाच जातीच्या कुलपाला लागते. कुलूप उघडल्यावर ती झिजत नाही, पुढच्या कुलपाकडे वळते. उकळले की मात्र तिचा आकार जातो आणि ती निकामी होते. मटण शिजण्यापूर्वी त्याला कच्च्या पपईचा गर चोळतात, शिजवलेल्या पपईचा नव्हे, ते यासाठी. कच्चा अननस दुधात घातला की ते कडवट होते, तेही अननसातल्या विकराने दुधातली प्रथिने तोडल्यामुळे.

आता दुधाकडे वळू. दुधात एक साखर असते, तिचे नाव दुग्धशर्करा. गाईच्या दुधात ती शंभर ग्रॅममागे साडेचार-पाच ग्रॅम असते, आईच्या दुधात सुमारे सात. दोन साध्या साखरा, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, हातात हात घालून बसलेल्या असतात. ते हात सोडवणारा विकर म्हणजे लॅक्टेज. तान्ह्या बाळाच्या आतड्यात तो भरपूर असतो, कारण त्या वयात पोटाला दुसरे कामच नसते. अंगावरचे दूध सुटले की जगातल्या बहुतेक माणसांत, आणि यच्चयावत जनावरांत, तो हळूहळू कमी होत जातो. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश या वर्गात मोडतात. म्हणजे सातव्या-आठव्या वर्षी माझे काही बिनसले नव्हते. उलट सारे नियमाप्रमाणे चालले होते. नियम मोडला होता तो माझ्या पहिलवान भावाने.

न फुटलेली दुग्धशर्करा रक्तात जाऊ शकत नाही. ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथे कोट्यवधी जंतू वाट पाहत बसलेलेच असतात. ते तिच्यावर तुटून पडतात, आम्ले आणि वायू तयार करतात. गुडगुड, फुगणे, कळा, धावपळ हे सारे त्यांच्या मेजवानीचे आवाज. या वायूंत हायड्रोजन असतो. आपल्या शरीराच्या पेशी तो बनवीत नाहीत, फक्त हे जंतू बनवतात. म्हणून मोठ्या इस्पितळांत दुग्धशर्करेचे पाणी पाजून ठरावीक वेळाने श्वासातला हायड्रोजन मोजतात. तो चढला की निदान पक्के. दुधाची खरी वावडी ही निराळी गोष्ट. तिथे भांडण प्रथिनांशी असते, अंगावर गांध्या उठतात, कधी श्वासही कोंडतो. त्या दोघींची गल्लत करू नये.

आमच्या वसाहतीत कोजागिरी मोठी दणक्यात होत असे. मैदानात चुलाण मांडायचे, वर भले थोरले पातेले, आणि साय धरेपर्यंत दूध आटवायचे. खाणीवर सारा हिंदुस्थान गोळा झालेला. उत्तर प्रदेशचे, हरियाणाकडचे, छत्तीसगडचे, तेलंगणाचे, आणि आम्ही वऱ्हाडी-नागपुरी. हरियाणाकडचा आमचा एक फोरमन लोटाभर मसाला दूध एका दमात संपवून दुसऱ्या लोट्याला हात घाली. तेलुगू मंडळी अर्ध्या वाटीवर भागवीत आणि घरी जाऊन दहीभात खात. मी पातेल्याशी उभा राहून वाढपी होत असे. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करीत नाही, ही युक्ती मला फार लवकर सापडली होती.

पुढे कळले, की त्या मैदानात मी जे पाहत होतो तो एक नकाशाच होता. २००२ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी लॅक्टेज मोठेपणीही चालू ठेवणारा डीएनएमधला बदल शोधला. बदल केवढा? एका अक्षराच्या जागी दुसरे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की तोच युरोपातला बदल हिंदुस्थानातही आहे. वायव्येकडे तो पुष्कळ सापडतो आणि दक्षिण व पूर्वेकडे कमी कमी होत जातो. आफ्रिकेतल्या गुराख्यांत तर वेगळेच बदल सापडले. म्हणजे दूध पिण्याची ही परवानगी माणसाने एकाहून अधिक वेळा मिळवली. दिल्लीहून मद्रासकडे जाणारी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस माजरीवरून धडधडत जाई, तेव्हा माझ्या मनात येई, की हिच्या डब्यांतून दुधाचा लोटा आणि दहीभात शेजारी बसून चालले आहेत.

त्या कोजागिरीला एक माणूस पातेल्याकडे फिरकतही नसे. तो एटापल्लीकडचा माडिया, आमच्याच साइडिंगवर कामाला. नव्या साहेबांपैकी कोणी तरी एकदा त्याला चिडवले, की तुम्ही जंगलातले लोक, तुम्हांला दुधाची चव काय कळणार! तो हसला नाही, रागावलाही नाही. “गाईचं दूध तिच्या वासराचं. आम्ही काढत नाही,” एवढेच म्हणाला. भामरागड-एटापल्लीकडच्या माडियांत गाई पाळत, पण त्यांचे दूध काढण्याची रीत पूर्वी नव्हती. ज्यांच्या पूर्वजांनी दूध काढलेच नाही, त्यांच्यात तो बदल रुजायला कारणच नव्हते. साहेबाच्या बोलण्यावर मंडळी हसली. मला हसू आले नाही. त्या मैदानात दूध न पिणारे आम्ही दोघेच होतो आणि मी निदान वाढप्याच्या आड लपलो होतो. डॉक्टरांनाही हे सारे उशिराच कळले, म्हणा. १९६५-६६ साली अमेरिकेत बाल्टिमोर इथे निरोगी गोऱ्या आणि काळ्या माणसांना दुग्धशर्करा पाजून पाहिली, तेव्हा बहुसंख्य काळ्यांना ती पचत नाही असे आढळले. तोपर्यंत दूध पचणे हाच मनुष्यधर्म, असे पाठ्यपुस्तके धरून चालत.

इथपर्यंत गंमत होती. १९८२ च्या पावसाळ्यात मात्र ती संपली. आमची धाकटी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची. श्रावणात तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मीठ-साखरेच्या पाण्यावर तिला सांभाळले. त्या पाण्याची पुण्याई मोठी आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाच्या पाण्याने असंख्य माणसे वाचवली. ग्लुकोज आधीच फुटलेले असते, त्याला विकर लागत नाही. ते आत शिरताना मिठाला आणि पाण्याला बरोबर घेऊन जाते.

उलट्या थांबल्या, ताप गेला. पण वरचे दूध सुरू केले की जुलाब पुन्हा हजर. आठवडा गेला, दुसरा लागला. पोर वाळून काटकी झाली; ढुंगण लालभडक सोलवटलेले, पोट फुगलेले. आर्वीहून आई आली होती. तिचे म्हणणे एकच : पोर अशक्त आहे, दूध वाढवा. आणि दुसऱ्या दिवशी तिने हलक्या आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, की सुनेचेच दूध जड झाले आहे, ते तोडावे आणि बाटलीवर न्यावे. पत्नी काही बोलली नाही. रात्री मोरीत भांडी घासताना ती रडत होती, ते मी ऐकले.

सकाळी आम्ही तिघेही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या दुपट्यावरच्या पातळ शीला निळा लिटमस लावला. तो लाल झाला. मग मधुमेहाच्या रोग्यांची लघवी तपासायचे जे निळे औषध असते, त्यात तीच शी पाण्यात कालवून घातली आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे नारिंगी. “ही दुधातली साखर,” त्या म्हणाल्या, “न पचता आलेली.” जुलाबांनी आतड्याचे अस्तर खरवडले जाते. लॅक्टेज अगदी टोकावर बसलेला, म्हणून तो आधी जातो आणि सर्वांत उशिरा परततो. हे आयुष्याचे नव्हे, काही आठवड्यांचे दुखणे.

“वरचे दूध दोन आठवडे बंद. तांदळाची पेज, मुगाचे वरण, केळे, दहीभात द्या. अंगावरचे दूध मात्र एक दिवससुद्धा तोडायचे नाही.”

आई माझी शिकलेली नव्हती, पण तिचे डोके वकिलाचे होते. तिने विचारले, “अहो बाई, अंगावरच्या दुधात ती साखर जास्त असते, असं तुम्हीच म्हणता. मग ते कसं चालतं?”

मला वाटले, आता बाई चिडणार. त्यांनी उलट खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, “बरोबर विचारलंत. बाळ ते थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घेतं. एकदम पेलाभर नाही. त्यात रोगाशी लढणारं जे असतं, ते कोणत्याच गाईच्या दुधात बाळाला मिळत नाही. आणि एकदा आटलं की पुन्हा येणं कठीण. मग या पावसात, या पाण्यात बाटली! मी पोरं गेलेली पाहिली आहेत, आजी, ती बाटलीनं.”

आई गप्प बसली. घरी आल्यावर तिने मुलीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग सुनेच्या हातातले भांडे काढून घेतले आणि तिला मुलीला घेऊन निजायला सांगितले. दह्याचे विरजण त्या रात्री तिनेच लावले. चौथ्या-पाचव्या दिवशी शी घट्ट होऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात दवाखान्याच्या काट्यावर मुलगी पाव किलोने चढली. मी रोज वाघिणींची टनावारी वजने लिहिणारा माणूस. त्या पाव किलोइतके वजनदार काही मी पाहिलेले नाही. त्याच ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. साइडिंगवरचा आमचा माडिया मित्र चांदा जिल्ह्याचा होता तो गडचिरोलीचा झाला, आणि याचे पेढे कोणी तरी वाटले. ते त्याने घेतले नाहीत. मीही घेतले नाहीत.

दह्याचे गुपित मला त्याच सुमारास कळले. विरजणातले जंतू दुधातली काही साखर आपणच खाऊन आंबट करतात, आणि त्यांच्याजवळचा लॅक्टेज आपल्या पोटात जाऊन उरलेली तोडायला हातभार लावतो. परक्याच्या किल्लीने आपले कुलूप उघडावे, तसे. मात्र ताक उकळून कढी केली, की ती मदत गेली. चरकसंहितेत ग्रहणीच्या विकारावर ताकाची थोरवी सांगितली आहे, तीत अनुभवाचा भाग मोठा असावा.

ताकावरून आठवले. त्या मुक्कामात मी आईला सहज विचारले, “तुला गं दूध पचतं का?” पहाटे धार काढणारी ती, तापवणारी ती, पेले भरून मुलांच्या हाती देणारी ती. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “काय ठाऊक बापा. कधी पिऊन पाहिलं नाही.” तिच्या वाट्याला तळाचे ताक यायचे, भाकरीबरोबर. पुढे ती नव्वदीपर्यंत जगली आणि तिच्या पोटाने कधी तक्रार केली नाही.

दिवाळी तोंडावर आहे, तेव्हा माझ्या जातभाईंसाठी थोडे कामाचे. पेलाभर दुधात बारा-एक ग्रॅम दुग्धशर्करा असते. पुष्कळांना तेवढी जेवणाबरोबर घेतली तर सोसते, रिकाम्या पोटी सोसत नाही. चहातल्या दुधाला भिण्याचे कारण नाही. तुपात ती जवळजवळ नसतेच, तेव्हा बेसनाचे लाडू खुशाल खावेत. बासुंदीत मात्र दूध आटते, साखर आटत नाही. खव्यात तर ती पाचव्या हिश्शाच्या आसपास भरते, म्हणून पेढा दिसायला लहान आणि करायला मोठा. चिकाच्या दुधात ती साध्या दुधापेक्षा कमी असते, त्यामुळे खरवस मला पहिल्यापासून बरा सोसे. आता औषधाच्या दुकानात लॅक्टेजचे थेंब आणि गोळ्याही मिळतात. दूध अजिबात वर्ज्य करणाऱ्याने नाचणी, तीळ, पालेभाज्या यांची आठवण ठेवावी. हाडांना चुना कुठून तरी हवाच.

आमच्याकडे पाडव्याला श्रीखंड असते. दही फडक्यात टांगले, की दुग्धशर्करेचा बराचसा भाग त्या पाण्याबरोबर ठिबकून जातो. मुलगी पुण्याहून येते, ती दूध पिते आणि श्रीखंडही खाते. चक्का बांधून रात्रभर खुंटीला टांगायचे काम माझ्याकडे आहे आणि खाली पातेले ठेवायला मी विसरत नाही; त्या पाण्यात सौ. कणीक भिजवते.